लॉगशीटच्या मागची बाजू

पुढच्या बाजूला दर तासाचे आकडे:
व्होल्टेज, अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान,
खाली माझी सही.
मागची बाजू कोरी येते.
तिथं मी लिहिते:

नागपंचमी. वारा. काही नाही.
कानबाईच्या रोटांचा रविवार. भुरभुर. काही नाही.
पोळा. उकाडा. कंट्रोल रूमच्या पायरीखालचं बीळ
दोन बोटं रुंद केलेलं.
मोठ्या डोक्याचे मुंगळे तोंडाशी उभे,
आत कुणाला तरी थोपवून धरल्यासारखे.

गेल्या वर्षी मला दोन दिवस उशीर झाला.
पायरीवर नुसते पंख होते,
कांद्याच्या आतल्या सालीसारखे,
आता कुणाचेच नसलेले.
म्हणून यंदा हवेतली ओलही मांडते.
केळी पिकवायच्या चेंबरमधून बाद झालेलं यंत्र
वारकेशेठनी फुकट दिलं.
त्याचा काटा ऐंशीच्या पुढे अडकतो.
मग मी कुंपणापलीकडची बाग बघते.
फाटक्या पानाची एकही पट्टी हलत नसेल
तर आज.

गुलाबाई बसली त्याच्या चौथ्या संध्याकाळी
सावद्याकडून पोरींच्या टिपऱ्या ऐकू येत होत्या.
सात-दहाला पहिला नर यार्डाच्या दिव्यावर आला.
सव्वासातला दिवाच दिसेना.

चुडामण भंगाळे, लाइनमन, खुर्ची बाहेर ओढून बसला.
"मुंगीले पंख फुटले म्हंजे मेली समजा, मॅडम.
मेलेलं कायले येचता?"
अर्धं खरं आहे त्याचं.
नर सकाळी झाडून काढावे लागतात, सुपलीभर.
पण ती म्हण ज्याने केली
त्याने झाडून झाल्यावर वाकून बघितलं नसावं.

पंखवाली मी उचलत नाही.
तिचं अजून ठरलेलं नाही.
मला हवी ती जमिनीवरची, एकटी,
आपले पंख आपणच मागच्या पायांनी ओढून टाकलेली.
पाठीवर बारीक खुणा,
आणि चाल अशी, की घर माहीत नाही पण घाई आहे.

नेहेतेंच्या लॅबमधून आणलेल्या नऊ नळ्या खिशात होत्या,
तळाशी पाणी, वर कापूस.
दिव्याखाली मात्र बेडूक जमले होते.
सात मोजले, मग सोडून दिलं.
त्यांना घाई नव्हती.
जीभ, मिटलेलं तोंड, परत जीभ.

आठ-पाचला मी यार्डाचा दिवा बंद केला.
फीडर सगळे चालू होते, गावात उजेड होता.
"फॉल्ट हाये का?"
"नाही."
चुडामणने पुढे विचारलं नाही, बिडी पेटवली,
मग काय वाटलं कोण जाणे, तीही विझवली.

अंधारात पंखांचा आवाज
ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीतून वेगळा काढता येईना.
काहीतरी माझ्या मनगटावरून चालत गेलं,
कोपरापाशी थांबलं,
आणि वजन गेलं.

आठ-सतराला दिवा लावला.
बेडूक तिथंच, माना वर करून,
एसटी चुकलेल्या माणसांसारखे.
बाकी यार्ड रिकामं. खडी. माझ्या नऊ नळ्या.

रात्री पावणेदोनला चुडामण आत आला,
चुन्याची डबी पुढे धरून.
डबी धुतलेली होती.
"ही बिनपंखी. गेटापाशी हिंडत व्हती.
हिचं काय करता?"

ती आता ड्रॉवरमध्ये आहे, फ्यूज वायरच्या रिळांमागे.
तो रोज विचारतो, जेवली का.
मी सांगते, ती जेवत नाही.
ज्या स्नायूंनी उडाली
तेच विरघळवून पोरांना भरवते.
हे ऐकल्यावर तो डबा घेऊन बाहेर जाऊन बसला,
भाकरी बराच वेळ न उघडता.

पुढच्या बाजूला त्या बारा मिनिटांची नोंद नाही.
मागच्या बाजूला आहे:

सहावा दिवस. अंडी, चार किंवा पाच. श्वास रोखून मोजली.
एकविसावा. अळ्या. नळी हलवू नये, असं चुडामणला सांगितलं.
त्याने मलाच सांगितलं.
वसुबारस, अडतिसावा दिवस, पहाटे तीनचं रीडिंग घेतल्यावर:
एक.
आईच्या डोक्याएवढीही नाही. रंग फिका.
कापसाला मिशा लावून बघतेय.